पहिल्यांदाच पिऊन गाडी चालवताना सापडला: आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईत नोकरी करणाऱ्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २७, कुडाळ तालुक्यातल्या गावी आईवडिलांजवळ राहतो. आंब्याच्या दिवसांत पिकअप घेऊन वाशीच्या फेऱ्या मारतो, एरवी चिऱ्याची आणि सामानाची भाडी करतो. शेजारच्या गावातल्या हळदीहून रात्री साडेअकराला मोटारसायकलवरून परतताना नाकाबंदीत सापडला. श्वासचाचणीत आकडा आला ९६. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं. सोबतचे मित्र सांगतात की तो पूर्ण शुद्धीत होता, पाऊलसुद्धा वाकडं पडत नव्हतं. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपला. आईने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून त्याच्याकडून शपथ घेतली. ताई विचारतात, बाहेरच्या देशांत अशा लोकांसाठी पुनर्वसनाचे कार्यक्रम असतात, आपल्याकडे काही आहे का? त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं का? की शपथ पुरे आहे?

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक घाईची गोष्ट. पकडला गेल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे फार मोलाचे असतात आणि ते आत्ता चालू आहेत. मी गेली बावीस वर्षं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत दारू पिणाऱ्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी समुपदेशनाचं काम करते. नाकाबंदीत सापडलेला मुलगा पहिल्या आठवड्यात समोर येऊन बसला, तर तो खाली मान घालून बोलतो, पण खरं बोलतो. तोच मुलगा दोन महिन्यांनी आला तर त्याची गोष्ट रचून तयार असते. मशीन खराब होतं, पोलिसांना त्या रात्री केसेसचा आकडा भरायचा होता, आमच्या पुढची गाडी मात्र सोडली. दंड भरून झाला की ही गोष्ट आणखी घट्ट होते, कारण पैसे मोजले म्हणजे हिशोब फिटला असं वाटतं. म्हणून कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसू नका. जे करायचं ते निकालाच्या आधी सुरू करा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. जागेवर पैसे भरून तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांमध्ये हे कलम नाही, त्यामुळे कोर्टाची पायरी चढावीच लागते. वकिलांनी सुचवलेला मार्ग कायदेशीर आहे आणि पुष्कळ लोक तोच धरतात. पण कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं, हे तुमच्या भावाला कोणीतरी शांतपणे समजावून सांगा. पुढच्या खेपेला सापडला तर तो दुसरा गुन्हा धरला जाईल. ‘विषय संपला’ हे शब्द म्हणूनच मला पटत नाहीत.

लायसन्सचा भाग त्याच्यासाठी दंडापेक्षा जड आहे. २०१९ पासून कलम २०६ खाली पोलिसांनी अशा वेळी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, कलम १९ खालच्या कारवाईसाठी पाठवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावं. निलंबनानंतर लायसन्स परत मिळवायला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. गुन्हा घडला मोटारसायकलवर, पण लायसन्स एकच असतं. लग्नाच्या हंगामातल्या एका रात्रीमुळे आंब्याचा हंगाम हातचा जातो तो असा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पहिल्यांदा सापडलेल्याने अमुक तासांचं समुपदेशन घेतलंच पाहिजे, अशी सक्ती कलम १८५ मध्ये नाही. बाहेर ती वेगवेगळ्या रूपांत आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्याला साधारण तीन महिन्यांचा, ३० तासांचा कार्यक्रम लावतात आणि रक्तातलं प्रमाण फार जास्त असेल तर नऊ महिन्यांचा. ब्रिटनमध्ये कोर्टाने देऊ केलेला कोर्स पूर्ण केला तर गाडी चालवण्यावरची बंदी जास्तीत जास्त एक चतुर्थांशाने कमी होते. आपल्या देशात हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी एक पद्धत पाडली आहे: सापडलेल्या चालकाला कोर्टात उभं करण्याआधी घरच्या माणसासह समुपदेशनाला बोलावतात. मला यातला ‘घरच्या माणसासह’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे जे सक्तीचं नाही ते आपण स्वतः उभं करायचं, आणि ते करता येतं. त्याकडे येतेच.

पण आधी ९६ या आकड्यापाशी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ९६ मिलिग्रॅम अल्कोहोलपाशी, थोडं थांबू या, कारण घरात त्याच्यावर कोणी बोललेलं नसणार.

दारूचा ३० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पासष्ट किलोच्या माणसात तो रक्तातलं प्रमाण ढोबळमानाने २० मिलिग्रॅमने वाढवतो. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. यकृत दर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल काढून टाकतं. हा वेग लिंबूपाण्याने वाढत नाही, काळ्या चहाने नाही, थंड पाण्याच्या अंघोळीनेही नाही. हा हिशोब मांडला की साडेअकराला ९६ याचा अर्थ त्या संध्याकाळी एका क्वार्टरच्या आसपास किंवा थोडी जास्तच पोटात गेली होती. ‘एकच बियर घेतली’ असं त्याने घरी सांगितलं असेल तर पाच टक्क्यांच्या एका मोठ्या बाटलीने हा आकडा येत नाही. हे त्याला खोटं पाडायला वापरू नका. पण तुम्हाला ठाऊक असू द्या.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते आणि ती पिकअप चालवणाऱ्याने पाठ करावी अशी आहे. मध्यरात्रीपर्यंत क्वार्टरच्या वर घेतली, झोपला, आणि पहाटे पाचला पेट्या भरून निघाला, तर रक्तात अजूनही ३० च्या वर असू शकतं. तो स्वतःला ताजातवाना समजतो, ‘रात्री’ प्यायलो होतो म्हणतो, आणि हायवेवर मात्र कायद्याच्या दृष्टीने प्यालेलाच असतो. मुंबई-गोवा हायवेवरच्या पहाटेच्या कितीतरी अपघातांचं खापर डोळा लागण्यावर फुटतं. झोप असतेच, पण रात्रीची उरलेली दारू ती झोप आणखी जड करते.

आणि मित्र म्हणतात तो पूर्ण शुद्धीत होता. ताई, मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटली. कधीमधी पिणारा माणूस ९६ ला अडखळतो, मोठ्याने बोलतो, हसतो, त्याचं त्यालाच कळतं की चढली आहे. ज्याचं पाऊलही वाकडं पडत नाही, त्याच्या शरीराला या प्रमाणाची सवय झालेली असते. सवय झाली म्हणजे गाडी नीट चालते असं अजिबात नाही. बोलणं सांभाळता येतं, चालणं सांभाळता येतं, पण वळणावर समोरून अचानक दिवे आले की ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ सांभाळता येत नाही. आमच्याकडची मुलं सांगतात, ‘रस्तो माका पाठ आसा.’ रस्ता पाठ असतो हे खरंच आहे. रस्त्यावर आडवं आलेलं जनावर किंवा बिनदिव्याचा सायकलवाला मात्र पाठ नसतो.

तर मग तो दारुडा आहे का? केंद्रात ठेवायचं का? पत्रावरून हे मी सांगणार नाही, कोणीच सांगू नये. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची साधी चाचणी आहे, तिला ‘ऑडिट’ म्हणतात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं गेल्या वर्षभरात किती वेळा झालं, सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, पिण्यामुळे कोणाला इजा झाली का, असे प्रश्न असतात. एकूण गुण ४०. आठ किंवा त्याहून जास्त झाले की पिणं धोक्याच्या रेषेपलीकडे आहे असं धरतात, वीस किंवा त्याहून जास्त झाले तर अवलंबित्वाची शंका घेऊन डॉक्टरांकडे पाठवतात. माझ्याकडे पहिल्यांदा सापडून आलेली बहुतेक मुलं या दोहोंच्या मधली असतात. ती व्यसनी नसतात आणि ‘कधीतरी घेणारी’ही नसतात. त्यांचं पिणं ठरावीक रात्रींना भरपूर असतं.

अशा मधल्या मुलाला थेट निवासी केंद्रात ठेवणं मला चुकीचं वाटतं. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्राने १९८६ पासून हजारो घरं सावरली आहेत आणि ज्याला गरज आहे त्याला मी स्वतः तिथे पाठवते. पण सत्तावीस वर्षांचा, कामाला जाणारा मुलगा जेव्हा वीस वर्षं रोज पिणाऱ्यांच्या शेजारच्या खाटेवर महिना काढतो, तेव्हा तो त्यांच्याकडे बघून एकच गोष्ट शिकून येतो: मी यांच्यासारखा नाही. आणि ते खरं असल्यामुळे त्याला प्यायला जणू परवानाच मिळतो.

केंद्र किंवा रुग्णालय लागतं ते वेगळ्या खुणा दिसल्या तर. सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, घेतल्यावर बरं वाटतं, पूर्वी कधी दारू सुटल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते, असं काही असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. शपथ घालून खोलीत कोंडून ठेवलेल्या माणसाची ही अवस्था मी पाहिली आहे. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचं, लाजायचं नाही. कुठे जावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत.

मधल्या मुलांसाठी काय उपयोगी पडतं याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर तयार झाला आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. दहा टक्क्यांचा फरक कोणाला थोडा वाटेल. चार बैठकांच्या खर्चात शंभरातली दहा घरं, मला तो फार मोठा वाटतो.

खास पिऊन गाडी चालवणाऱ्यांबद्दल १९९५ मध्ये २१५ मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास झाला होता. पुनर्वसनाच्या कार्यक्रमांनी पुन्हा सापडण्याचं प्रमाण ७ ते ९ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. त्यातही नुसत्या व्याख्यानांपेक्षा माहिती, समुपदेशन आणि नंतरचा सततचा संपर्क हे तिन्ही एकत्र असलेले कार्यक्रम सरस ठरले. लायसन्सवरची कारवाई आणि कार्यक्रम हे एकमेकांचे पर्याय नाहीत, दोन्ही हवेत, हाही त्यातलाच धडा.

मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं चुकीच्या वाटेने गेले. अपघातांचे फोटो दाखवायचे. फुटलेली हेल्मेटं, रक्त, पांढऱ्या चादरी. मुलं एकदम गप्प व्हायची आणि मला वाटायचं, लागलं काळजाला. मग एका मुलाच्या बायकोने सांगितलं की त्या दिवशी तो इथून निघाला तो सरळ तिठ्यावरच्या बारमध्ये गेला. अंगावर आलेला काटा घालवायचा त्याला तेवढाच उपाय माहीत होता. त्या दिवसापासून फोटो बंद केले.

आता माझ्या बैठकांमधला जास्तीत जास्त वेळ एका प्रश्नावर जातो: परत कसा येणार?

बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. कोकणात तो सगळ्याच्या मुळाशी आहे. आपली गावं एका जागी नाहीत, वाड्या-वाड्यांत विखुरलेली आहेत. बार हायवेच्या फाट्यावर, लग्नघर दुसऱ्या टोकाच्या वाडीत, आपलं घर घाटी चढून तीन किलोमीटर वर. शेवटची एसटी दिवेलागणीलाच गेलेली असते. रिक्षावाला रात्री दहानंतर वाडीपर्यंत येत नाही, आला तर भाडं परवडत नाही. म्हणजे जो मोटारसायकल घेऊन प्यायला गेला, त्याने परतीचा निर्णय पहिल्या घोटाच्या आधीच घेऊन टाकलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. दोन पेग पोटात गेल्यावर ‘मी ठीक आहे का’ हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच मंदावलेला असतो. त्या क्षणी त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा धरणं व्यर्थ आहे. शहाणपण दुपारी चार वाजता करून ठेवावं लागतं.

म्हणून आम्ही वहीत पुढच्या तीन महिन्यांच्या रात्री लिहून काढतो. कोणाची हळद, कोणत्या गावची जत्रा, कुठे दशावतार, अंडरआर्म क्रिकेटचे रात्रीचे सामने, गटारीची अमावस्या, मुंबईहून चाकरमानी येतील ते गणपतीचे दिवस. मुलं स्वतःच चकित होतात, कारण धोक्याच्या रात्री बोटांवर मोजण्याइतक्या निघतात, दहा किंवा बारा. मग प्रत्येक रात्रीसमोर लिहायचं: गाडी कुठे असेल, किल्ली कोणाकडे, परत कोणाबरोबर, नाहीतर झोपणार कुठे. शेवटची सोय आपल्याकडे फुकट आहे आणि कोणी वापरत नाही. कोकणातल्या कुठल्याही घरी रात्री पडवीत एक चटई मागा, नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. पण ती मागायला मुलांना लाज वाटते, गाडी मारत घरी जाणं मर्दपणाचं वाटतं. चार बैठकांपैकी एक अख्खी बैठक या लाजेवर जाते आणि जाऊ दे.

काही वर्षांपूर्वी ट्रॉलरवर खलाशी असलेला एक मुलगा माझ्याकडे येत होता. बंदर ते वाडी चार किलोमीटर. दारू सोडायला तो तयार नव्हता आणि त्याने मला ते स्पष्ट सांगितलं. आम्ही एवढंच ठरवलं की बंदरावर उतरल्यावर गाडीची किल्ली मावशीकडे जाईल आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याशिवाय ती देणार नाही. मावशी मासे विकणारी, शब्दाची पक्की. तो दोन वर्षं चालत घरी जात होता. चालता चालता पिणंही थोडं कमी झालं, कारण रात्री चार किलोमीटरची चढण सोपी नसते. माझ्या काही सहकाऱ्यांच्या मते हे यश नव्हे, दारू सुटली तरच यश. अवलंबित्व असलेल्या माणसाबाबत मी त्यांच्या बाजूची आहे, त्याने पूर्ण सोडली पाहिजे, त्याच्यासाठी ‘थोडी’ नावाची गोष्ट नाही. पण जो अजून तिथे पोचलेला नाही, त्याची दारू आणि गाडी वेगळी करणं हे पहिलं काम आहे. रस्त्यावरचा दुसरा माणूस त्यामुळे आजच वाचतो.

आता शपथ. आईंच्या गाऱ्हाण्याला मी कमी लेखत नाही. देवळात नारळ ठेवून दिलेला शब्द आपल्याकडे कोर्टातल्या सहीपेक्षा मोठा असतो आणि माळ घालून कायमची सोडलेली माणसं माझ्या माहितीत आहेत. अडचण वेगळीच आहे. शपथ मोडली की मुलगा ती कोणाला सांगू शकत नाही. मग तो गावात पीत नाही, ओळखीच्या बारमध्ये जात नाही. तो लांब जातो, कधी बांद्यापलीकडे थेट गोव्यात, आणि तितक्याच लांबून रात्री गाडी चालवत परत येतो. पूर्वी तीन किलोमीटर प्यालेला चालवायचा, आता तीस. शपथेने धोका कमी होण्याऐवजी वाढलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून आईंना सांगा, शपथ मोडू नका, पण देवापुढे आणखी एक शब्द घ्या: काहीही झालं तरी पिऊन गाडीला हात लावणार नाही, आणि प्यालो तर फोन करीन, त्या रात्री घरात कोणी ओरडणार नाही. ओरडायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

आईंसाठीच आणखी एक. गावात कोणीतरी जेवणात मिसळायची ‘दारू सोडवायची गोळी’ नक्की सुचवेल. डायसल्फिराम हे चांगलं औषध आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तरच. न सांगता आमटीत घातलं आणि तो बाहेर पिऊन आला तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं.

आता कोर्टाकडे परत. वकिलांना विचारा की अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा विचार त्यांनी केला आहे का. त्यातल्या कलम ४ खाली न्यायाधीश दोषी ठरवूनही लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश दिला तर ती किमान एक वर्षाची असते आणि त्यात नशेपासून दूर राहण्याची अट घालण्याची तरतूद कायद्यातच लिहिलेली आहे. पहिला गुन्हा, कोणाला इजा नाही, वय लहान, आणि तारखेच्या आधीपासून समुपदेशनाला नियमित येत असल्याचं पत्र, एवढं समोर असेल तर मागणी करायला आधार मिळतो. द्यायचं की नाही हे सर्वस्वी न्यायाधीशांच्या हातात आहे, पिऊन गाडी चालवणाऱ्यांना ते सहज मिळत नाही, आणि मिळू नये असं मानणाऱ्यांची बाजूही मला कळते. पण वर्षभराची देखरेख म्हणजे आपल्याकडे नसलेला तो पुनर्वसनाचा कार्यक्रमच कोर्टाच्या शिक्क्यासह मिळण्यासारखं आहे. एक गैरसमज दूर करते: नव्या भारतीय न्याय संहितेत सामाजिक सेवेची शिक्षा आली आहे आणि ती दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करणाऱ्याला लागू शकते. कलम १८५ चा गुन्हा वेगळा, त्याला ती आपोआप लागत नाही.

माझ्या पत्राबद्दलही स्पष्ट बोलते. तो येईल तितक्याच भेटी मी लिहीन. न आलेल्या भेटींचं पत्र मागायला पूर्वी काही नातेवाईक आले आहेत. त्यांना मी नाही म्हटलं.

पैशाचं बोलायचं राहिलं आणि ते राहून चालणार नाही. निलंबनाच्या महिन्यांत घरी रिकामा बसलेला ड्रायव्हर हा माझ्या अनुभवात पुन्हा प्यायला लागण्याची सगळ्यात मोठी शक्यता असलेला माणूस. सकाळी नऊपासून तिठ्यावर बसायचं, प्रत्येक जाणाऱ्या पिकअपकडे बघायचं. पिकअपच्या मालकाशी तुम्ही स्वतः बोला. लपवाछपवी नको, त्याला कळलेलं असणारच. आंबा उतरवायला, पेट्या भरायला, बागेत राखणीला माणसं लागतातच. ड्रायव्हरची मजुरी मिळणार नाही, पण संध्याकाळी दमून घरी येईल. आणि लायसन्स नसताना ‘फक्त फाट्यापर्यंत’ गाडी चालवायला मालकाने सांगितलं तर नाही म्हणायचं, कारण अपात्र असताना गाडी चालवणं हा आणखी वेगळा गुन्हा आहे.

तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय की वडीलही संध्याकाळी थोडी घेतात. वडिलांना बदलायला निघू नका, आत्ता ती वेळ नाही. फक्त एवढी विनंती करा की पुढचे तीन महिने घरात बाटली नको आणि मुलासमोर नको. मुलासाठी म्हणून सांगितलं तर बहुतेक वडील ऐकतात. एकदोघांनी त्या निमित्ताने स्वतःचीही सोडली.

शेवटी तुम्ही फोनवर काय बोलायचं, कारण मुंबईतून तुमच्या हातात फोनच आहे. ‘तू घराण्याचं नाव घालवलंस’ हे त्याला गावाने सांगून झालंय. तुम्ही त्याला त्या रात्रीचं विचारा: हळदीहून निघताना काय ठरवलं होतंस, वाटेत भीती वाटली का, याआधी असा किती वेळा आलास? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोजून येऊ द्या, मध्ये बोलू नका. पहिल्यांदा सापडणारा माणूस त्या रात्री पहिल्यांदाच प्यालेला चालवत होता असं क्वचितच असतं. तो आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारला तर आमची पहिली बैठक तिथेच झालेली असते. पहिल्या भेटीला शक्य असेल तर एक दिवसाची रजा टाकून तुम्हीही या. येताना चलानाची प्रत, श्वासचाचणीची छापील पट्टी आणि तो घेत असलेली कुठलीही औषधं बरोबर आणा. सकाळची वेळ घ्या, आणि त्या दिवशी त्याला एसटीने यायला सांगा.